दीड हजाराचा हिशेब

(द्वितीय वर्ष, कला)

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण शाळेत असताना फळ्यावर वळणदार अक्षरात लिहिलेली असते. तिच्यावर दहा ओळींचा निबंधही आपण लिहिलेला असतो. परंतु तळे साचण्यासाठी पाऊस पडावा लागतो, आणि पडलेला थेंब खालच्या भेगेतून निसटून जाता कामा नये, या दोन गोष्टी त्या निबंधात कुणीच लिहीत नाही. मीही लिहिल्या नव्हत्या. त्या मला अलीकडे कळल्या, आणि पुस्तकातून नव्हे, तर घरातल्या एका हिशेबातून कळल्या. तो हिशेब आपल्या वार्षिकांकाच्या वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम वर्षाला अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिले होते : बचत म्हणजे उत्पन्न वजा खर्च. समीकरण सोपे होते. मी वहीत उतरवून घेतले आणि त्याखाली रेघ मारली. पण माण तालुक्यातल्या आमच्या कोरडवाहू घरात ही वजाबाकी कधी शून्याच्या वर गेल्याचे मला आठवत नव्हते. अण्णा आणि आई दोघेही मजुरीला जातात. दोन एकर रान आहे, तेही पावसाच्या भरवशावर. कॉलेजची पायरी चढणारी मी घरातली पहिलीच. त्यामुळे ‘गुंतवणूक’ हा शब्द आमच्या घरात माझ्याच तोंडून प्रथम उच्चारला गेला असावा.

पैसा आला

दि. २८ जून २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असलेल्या महिलेच्या आधारजोडणी झालेल्या खात्यात दरमहा १,५०० रुपये थेट जमा करावयाचे, असे तिचे स्वरूप. वर्षाचे होतात १८,००० रुपये. माझे वय बसत नव्हते. आईचे बसत होते. अर्ज मीच भरला. आईचे जनधनचे खाते होते, पण त्यात व्यवहार असा काही नव्हता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या आधी जुलै आणि ऑगस्ट असे दोन महिन्यांचे ३,००० रुपये एकदम जमा झाले. मोबाईलवर आलेला संदेश मी आईला वाचून दाखवला. तिने तो मला पुन्हा वाचावयास सांगितला.

अशा पैशाचे काय होते, हे आपण गावोगाव पाहतो. कुठे किराणा भरला जातो, कुठे मुलांची वह्यापुस्तके येतात, कुठे औषधपाणी होते. यात चूक काही नाही. पोटाला लागते ते आधी पोटाला गेलेच पाहिजे. परंतु त्यातले थोडे तरी मागे राहावे असे मला वाटत होते. नुकतेच शिकलेले समीकरण डोक्यात होते. मी तालुक्याच्या पोस्टात जाऊन आवर्ती ठेवीचा, म्हणजे आरडीचा, अर्ज घेऊन आले आणि संध्याकाळी चुलीपुढे बसून आईला समजावून सांगू लागले.

पोस्टाची आरडी पाच वर्षांची, म्हणजे साठ हप्त्यांची असते. महिना किमान १०० रुपये, आणि पुढे दहाच्या पटीत कितीही. १ ऑक्टोबर २०२३ पासून तिला ६.७ टक्के दर लागू झाला होता आणि व्याज तिमाही चक्रवाढीने धरतात. महिना ५०० रुपये टाकले, तर पाच वर्षांत आपण ३०,००० भरतो आणि हाती सुमारे ३५,६८० येतात. “म्हणजे साडेपाच हजारांच्या वर नुसते व्याज,” असे मी मोठ्या ऐटीत सांगितले.

आईने भाकरी उलटली आणि विचारले, “एका वर्साला किती येतं?”

मी वहीत मांडले. पहिल्या वर्षी ६,००० रुपये भरल्यावर व्याज सुमारे २२० रुपये.

“आन् मी वर्साला छत्तीसशे भरते, त्येचं काय?”

भेग कुठे होती

मला काहीच ठाऊक नव्हते. २०२२ च्या जून महिन्यात अकरावीच्या प्रवेशासाठी आणि तालुक्याला राहण्याच्या खर्चासाठी आईने गावातल्या एकाकडून दहा हजार रुपये शेकडा तीनने घेतले होते. शेकडा तीन म्हणजे शंभराला महिन्याला तीन. दहा हजाराला महिन्याला तीनशे. दोन वर्षांत तिने ७,२०० रुपये व्याज म्हणून भरले होते आणि मुद्दल दहा हजार तसेच्या तसे उभे होते. हे सारे तिने मला शिकायला पाठवले त्याच पैशाचे होते, आणि ‘पोरीच्या डोक्याला ताप नको’ म्हणून तिने मला सांगितले नव्हते.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मी अर्थशास्त्र शिकत होते, आणि माझ्याच शिक्षणाचे व्याज घरात कुणीतरी कांदे काढून फेडत होते!

सकाळी मी पुन्हा वही घेतली. महिन्याचा दर आणि वर्षाचा दर यांत आपली नेहमी गल्लत होते. ‘शेकडा तीन’ हे ऐकावयास ‘६.७’ पेक्षा लहान वाटते. पण तीन हा महिन्याचा आकडा आहे; बाराने गुणला की वर्षाचा ३६ टक्के होतो. एका हाताने ३६ टक्क्यांनी द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने ६.७ टक्क्यांनी घ्यावयाचे, याला बचत कसे म्हणावे? फुटक्या घागरीत पाणी भरण्याचाच तो प्रकार. उलट ज्या दिवशी हजार रुपये मुद्दल फिटते, त्या दिवसापासून महिन्याला तीस रुपये खात्रीने वाचतात. वर्षाला ३६ टक्के खात्रीचा लाभ देणारी योजना पोस्टात नाही, बँकेत नाही, कुठेच नाही. म्हणून पहिला धडा असा : महाग कर्ज फेडणे हीच गरिबाची पहिली आणि सर्वांत उत्तम गुंतवणूक होय.

हा धडा नवा मुळीच नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना १८७५ चे दख्खनचे दंगे ठाऊक आहेत. दि. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी उठाव केला, आणि त्या दंग्यांत ठिकठिकाणी सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. लोकांचा राग कागदावर होता, कारण त्या कागदावरचे व्याज संपत नव्हते. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा इंग्रज सरकारला करावा लागला. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियमही होता : एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करावयाचे नाही. आज महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे आणि परवान्यावाचून सावकारी करता येत नाही. तरीही गरजेच्या वेळी रात्री दार ठोठावता येते ते गावातल्याच माणसाचे. म्हणून कायदा माहीत असला तरी कर्ज होतेच. हे समजून घेतल्यावाचून गरिबाला बचतीचा उपदेश करणे व्यर्थ आहे.

आईने मग फेडीला सुरुवात केली. आलेले पहिले तीन हजार मुद्दलात गेले. व्याज तीनशेचे दोनशे दहावर आले. तो मनुष्य मुद्दल तुकड्यातुकड्याने घ्यावयास राजी नव्हता. पण आईने चार बायका सोबत नेल्या आणि त्याला राजी केले. पुढचे हप्तेही तिने तसेच दिले. डिसेंबरअखेर योजनेचे नऊ हजार आले होते, ते सर्व तिकडे गेले. उरलेले हजार कांदालागणीच्या मजुरीतून. २०२५ च्या संक्रांतीच्या आत कर्ज निल झाले. त्या सहा महिन्यांत योजनेच्या पैशातून घरात नवे काहीही आले नाही. शेजारणी विचारीत, “तुझं पैसं कुठं जात्यात गं?” आई नुसती हसत असे.

पाचशेच का?

आता खऱ्या अर्थाने बचतीची वेळ आली. मी म्हणाले, “आई, आता सगळे दीड हजार आरडीत टाकू.” येथेही माझे चुकलेच.

सरकारी पैसा धोरणाने येतो आणि धोरणाने बदलतोही. त्याला अटी असतात. या योजनेतही २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची करण्यात आली. आज मिळणारी रक्कम साठ महिने तशीच मिळेल असे धरून साठ महिन्यांचा करार करणे शहाणपणाचे नाही. आरडीचा हप्ता चुकला तर दर शंभराला महिन्याला एक रुपया दंड पडतो. लागोपाठ चार हप्ते चुकले तर खाते खंडित होते आणि ते पुन्हा चालू करून घेण्यास दोनच महिन्यांची मुदत असते. तीन वर्षांच्या आत ते बंद करता येत नाही, आणि तीन वर्षांनंतर मुदतीआधी बंद केले तर बचतखात्याच्या दरानेच व्याज मिळते.

आईने याचे उत्तर एका वाक्यात दिले. “म्हैन्याचं तीनशे याजाचं सुटलंच हायती. सरकारचं थांबलं तर त्यात दोनशे घालायचं. पाचशे मी कसंबी भरीन.”

यापेक्षा नेमका नियम मला एकाही पुस्तकात सापडलेला नाही. हप्ता असा धरावा, की अनुदान थांबले तरी तो स्वतःच्या कमाईतून भरता येईल. मिळणाऱ्या रकमेवरून हप्ता ठरवू नये. न मिळाल्यास काय झेपेल त्यावरून ठरवावा.

त्याप्रमाणे वाटणी अशी झाली : पाचशे आरडीला, पाचशे बँकेच्या खात्यातच हात न लावता ठेवावयाचे, पाचशे घरखर्चाला. मधल्या पाचशेविषयी थोडे सांगितले पाहिजे. अडीनडीसाठी हाताशी रोकड नसेल, तर आरडी असूनही माणूस पुन्हा शेकडा तीनच्या दारात जातो. म्हणून आधी हाताशी थोडी रक्कम आणि मग मुदतीची ठेव, हा क्रम महत्त्वाचा. गेल्या पावसाळ्यात अण्णांच्या पायाला कुदळ लागली. टाके, इंजेक्शने, ये-जा मिळून २,२०० रुपये लागले. ते या खात्यातून काढले. कुणाच्या दारात जावे लागले नाही. आरडीचा हप्ताही चुकला नाही.

पैसा कुठे ठेवावा?

थोडी उपयुक्त माहिती येथे देते, कारण आपल्यापैकी अनेकांच्या खात्यात शिष्यवृत्तीची रक्कमही येते.

पोस्टातल्या ठेवीला केंद्र सरकारची हमी असते. पोस्टाची बचत बँक आपल्या देशात १८८२ पासून आहे. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, दि. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदारास पाच लाखांपर्यंत. हा ठेवविमा १९६२ साली सुरू झाला, तो १९६० मध्ये दोन बँका बुडून लोकांचे हाल झाल्यानंतर. पोस्टाच्या बचतखात्याला चार टक्के व्याज आहे. महागाई साधारण चार टक्क्यांच्या आसपास ठेवावी असे रिझर्व्ह बँकेचे उद्दिष्ट २०१६ पासून आहे. याचा अर्थ, बचतखात्यातला पैसा वाढत नाही, तो जेमतेम आपली जागा राखतो. म्हणून तेथे अडीनडीपुरतेच ठेवावे. घरात दहा वर्षांच्या आतील मुलगी असेल, तर सुकन्या समृद्धी खाते वर्षाला किमान २५० रुपये भरून चालवता येते. महिला सन्मान बचत प्रमाणपत्राविषयी अजूनही काही जण विचारतात. परंतु ती योजना ३१ मार्च २०२५ रोजी बंद झाली.

‘वर्षात दामदुप्पट’ म्हणणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे. त्यासाठी सरांनी शिकवलेला ७२ चा नियम फार उपयोगी पडतो. ७२ ला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट होण्यास लागणारी वर्षे मिळतात. किसान विकास पत्राला २०२३ च्या एप्रिलपासून साडेसात टक्के दर लागू झाला. ७२ भागिले साडेसात म्हणजे ९.६ वर्षे, म्हणजेच सुमारे ११५ महिने. आणि त्या दराने पोस्टानेही ११५ महिनेच सांगितले. आता कुणी वर्षात दुप्पट देतो म्हणाला, तर तो वर्षाला १०० टक्के देतो म्हणतो आहे. सरकारला जे नऊ-साडेनऊ वर्षांत जमते, ते याला वर्षात कसे जमते, हा प्रश्न त्याच्या तोंडावर विचारावा. अनियंत्रित ठेवयोजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ साली झाला आहे; पण कायदा पैसे गेल्यावर धावतो, हिशेब आधी धावतो.

बचतगटाचाही उल्लेख करावयास हवा. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, त्यातून ही चळवळ वाढली. आमच्या गल्लीतल्या गटात कर्जाला शेकडा दोन व्याज आहे. वर्षाला २४ टक्के, म्हणजे तेही कमी नव्हे. फरक असा, की ते व्याज गटाच्याच पेटीत राहते आणि वर्षाअखेर सभासदांत वाटले जाते.

पैसा कोणाचा?

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०२५ च्या फेब्रुवारीत आईला घेऊन मी पोस्टात गेले. पंधरा तारखेच्या आत खाते काढले, कारण मग पुढचा प्रत्येक हप्ता पंधरापर्यंत भरावयाचा असतो आणि आमच्याकडे मजुरी दहाच्या सुमारास हाती येते. अर्जावर अंगठा चालला असता. पण आई आठ दिवस माझ्या जुन्या वहीत सही गिरवीत होती. तिने सही केली. अक्षरे वाकडी आली, पण तिचीच आली. नामनिर्देशनाच्या रकान्यात कोणाचे नाव लिहू, असे विचारता तिने माझे नाव सांगितले.

त्यानंतर दोन महिन्यांनी अण्णांना बोअरची मोटर दुरुस्त करावयाची होती. त्यांनी ‘ते पोस्टातलं काढ’ म्हटले. आई शांतपणे म्हणाली, “त्ये काढता येत न्हाय, आन् आलं असतं तरी पोरीच्या फुडच्या शिक्षणाचं हाय.” अण्णा काही वेळ गप्प बसले. मग गटातून कर्ज काढण्याचे ठरले. त्या दिवशी मला मुदतीच्या ठेवीचा एक गुण समजला, जो व्याजाच्या तक्त्यात छापलेला नसतो : ती बाईला ‘नाही’ म्हणण्याचे कारण देते.

आमच्याच तालुक्यात म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नामंजूर केला होता, कारण अनेक प्रवर्तक बायकांना लिहितावाचता येत नव्हते. त्या बायका लिहावयास शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा तोंडी हिशेब आम्ही कुणाहीपेक्षा लवकर करू, असे त्यांनी तेथील अधिकाऱ्यांना सांगितले. ही हकीकत मी पूर्वी ऐकली होती, पण ती दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट वाटत असे. आता वाटत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेक जण घरातले पहिलेच शिकणारे आहोत. घरी आपल्याला ‘शिकलेली’ म्हणून मान मिळतो आणि आपणही लगेच शिकवावयास बसतो. माझी विनंती एवढीच, की आईवडिलांना बचतीचा उपदेश करण्याआधी त्यांना एक प्रश्न विचारा : आपले देणे किती आणि व्याज काय दराने? महिन्याचा दर असेल तर बाराने गुणा. उत्तर ऐकून कदाचित तुम्हालाही माझ्यासारखे खाली पाहावे लागेल. पण पहिली भेग तेथेच सापडेल. हिशेब करण्याचे कौशल्य आपल्याकडे आहे आणि कशाचा हिशेब करावयाचा ते त्यांना ठाऊक आहे. दोन्ही एकत्र आले पाहिजेत.

हा लेख लिहीत असताना आरडीचे बारा हप्ते पूर्ण झाले आहेत. बारा हप्त्यांनंतर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळू शकते, त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा दोन टक्के अधिक असतो, हे मी आईला सांगितले. तिने विचारले, “म्हैन्याला का वर्साला?”

“वर्षाला,” मी म्हणाले.

ती म्हणाली, “मग असू दे. पर काढायचं न्हाय.”